हेन्री हाइड : मते आणि मतदान

सन २००६ ते २००८ या काळात मराठी वृत्तपत्रे नियमाने वाचणाऱ्यांच्या नजरेखालून ‘हाइड कायदा’ हे शब्द अनेकदा गेले असतील. भारत-अमेरिका अणुकरारावरून डाव्या पक्षांनी केंद्र सरकारचा पाठिंबा काढून घेतला होता आणि २२ जुलै २००८ रोजी डॉ. मनमोहन सिंग यांच्या सरकारने २७५ विरुद्ध २५६ मतांनी विश्वासदर्शक ठराव जिंकला. त्या गदारोळात हा कायदा भारताच्या सार्वभौमत्वाला बाधक आहे की नाही यावर रकानेच्या रकाने लिहिले गेले. हे हाइड कोण, असे मात्र फारसे कोणी विचारले नाही. हेन्री हाइड हे अमेरिकेतील एक ज्येष्ठ कॅथलिक लोकप्रतिनिधी होते आणि कॅथलिक जगतात त्यांचे नाव अणुकराराच्या तीस वर्षे आधीपासून एका अगदी वेगळ्या कारणासाठी परिचित होते.

त्यांचा जन्म १९२४ साली शिकागो येथे झाला. घरचे वातावरण डेमोक्रॅटिक पक्षाचे. स्वतः हाइड मात्र १९५० च्या दशकात रिपब्लिकन पक्षाकडे वळले. जॉर्जटाऊन आणि लोयोला या दोन जेज्विट विद्यापीठांत त्यांचे शिक्षण झाले, मधल्या काळात दुसऱ्या महायुद्धात त्यांनी नौदलात सेवा केली. १९७५ पासून २००७ पर्यंत, म्हणजे सलग बत्तीस वर्षे, ते अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचे सदस्य होते.

गर्भपातास घटनादत्त हक्क ठरविणारा ‘रो विरुद्ध वेड’ हा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २२ जानेवारी १९७३ रोजी दिला. १९७६ साली, सभागृहात नवखे असताना, हाइड यांनी खर्चविषयक विधेयकाला एक छोटीशी दुरुस्ती सुचविली : गरिबांच्या आरोग्यासाठी असलेल्या मेडिकेड योजनेतील केंद्राचा पैसा गर्भपातावर खर्च होऊ नये. मूळ मसुद्यात एकही अपवाद नव्हता. मातेच्या जीविताचा अपवाद तडजोडीतून आला. दुरुस्ती न्यायालयात अडकली आणि अखेर ३० जून १९८० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती पाच विरुद्ध चार मतांनी ग्राह्य ठरविली. १९९३ मध्ये बलात्कार व निषिद्ध नात्यातील संबंध यांतून राहिलेल्या गर्भांचा अपवाद त्यात समाविष्ट झाला. हा काही कायम स्वरूपाचा कायदा नव्हे. तो दरवर्षी खर्चाच्या विधेयकाला नव्याने जोडावा लागतो आणि आजतागायत जोडला जात आहे.

या दुरुस्तीवरील सर्वांत गंभीर आक्षेप आम्हांला टाळता येत नाही. श्रीमंत स्त्री स्वतःच्या पैशाने हवे ते करील, निर्बंधाचा भार केवळ गरीब स्त्रीवर पडेल, असे न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी १९८० च्या निकालातील आपल्या भिन्नमतात परखडपणे मांडले. हाइड यांनीही हे कधी लपविले नव्हते. श्रीमंत, मध्यमवर्गीय, गरीब अशा सर्वांचेच गर्भपात आपल्याला थांबवावयाचे आहेत, परंतु हाती साधन आहे ते एवढेच, असे ते सभागृहात उघडपणे म्हणाले होते. आमच्या मते या सरळपणात त्यांचे बळही आहे आणि त्यांच्या भूमिकेतील अवघड जागाही आहे.

पूर्ण बंदी शक्य नसेल तेव्हा कॅथलिक लोकप्रतिनिधीने अपुऱ्या कायद्याला मत द्यावे काय? पोप दुसरे जॉन पॉल यांनी २५ मार्च १९९५ च्या ‘इव्हांजेलियम वीते’ या परिपत्रकाच्या ७३ व्या परिच्छेदात यावर मार्गदर्शन केले. ज्याचा गर्भपातास असलेला संपूर्ण विरोध सर्वज्ञात आहे असा लोकप्रतिनिधी, हानी मर्यादित करणाऱ्या कायद्यास पाठिंबा देऊ शकतो, असा त्याचा आशय आहे. हाइड यांनी ही वाट एकोणीस वर्षे आधीच धरली होती.

सप्टेंबर १९८४ मध्ये नोत्र दाम विद्यापीठात एक संस्मरणीय वैचारिक सामना झाला. न्यूयॉर्कचे कॅथलिक गव्हर्नर मारिओ क्युमो यांनी १३ तारखेला तेथे भाषण करून, वैयक्तिक श्रद्धा सर्वांवर कायद्याने लादणे बहुविध समाजात उचित ठरेल का, असा प्रश्न मांडला. २४ तारखेला त्याच विद्यापीठात हाइड यांनी त्याचा प्रतिवाद केला. न जन्मलेल्याचा जीव हा पंथाचा विषय नसून मानवी हक्काचा विषय आहे, ही त्यांची भूमिका होती. त्या आधीच, १९८३ च्या डिसेंबरात, शिकागोचे आर्चबिशप कार्डिनल जोसेफ बर्नार्डिन यांनी फोर्डहॅम विद्यापीठात जीवनविषयक सुसंगत नीतीचा विचार मांडला होता. गर्भपात, युद्ध, देहदंड, दारिद्र्य या सर्व प्रश्नांत जीविताच्या आदराचा धागा एकच असला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. शिकागोत जन्मलेल्या हाइड यांची कारकीर्द त्या शिकागोच्या कार्डिनलांच्या कसोटीवर कितपत उतरते, हे पाहणे आम्हांला उद्बोधक वाटते.

काही ठिकाणी ती चांगलीच उतरते. बाळंतपण किंवा घरातील आजारपण यांसाठी कामगाराला नोकरी न गमावता बारा आठवड्यांची बिनपगारी रजा मिळावी, या विधेयकाला रिपब्लिकन पक्षातून मोठा विरोध होता. राष्ट्राध्यक्ष थोरले बुश यांनी ते १९९० आणि १९९२ अशा दोन वेळा नाकारले. हाइड मात्र त्याच्या बाजूने उभे राहिले. माता व्हा असे सांगणाऱ्याने मातेची नोकरी टिकेल हेही पाहिले पाहिजे, हा साधा न्याय त्यांना पटला होता. ५ फेब्रुवारी १९९३ रोजी क्लिंटन यांच्या स्वाक्षरीने ते विधेयक कायदा झाले. बंदुकांवरील निर्बंधांना हाइड यांचा पूर्वापार विरोध होता. ५ मे १९९४ रोजी लष्करी धाटणीच्या स्वयंभरण बंदुकांवरील बंदीचा प्रस्ताव सभागृहात आला तेव्हा त्यांनी भूमिका बदलून बंदीला मत दिले. प्रस्ताव २१६ विरुद्ध २१४ असा निसटता संमत झाला. एकेका मताचे मोल किती, ते येथे दिसले. (ती बंदी २००४ मध्ये मुदत संपून गेली.)

मत बदलण्याचा असाच एक प्रसंग १९८१ चा आहे. कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराचे रक्षण करणाऱ्या १९६५ च्या कायद्यान्वये, दक्षिणेकडील राज्यांना निवडणूक नियमांत बदल करण्यापूर्वी केंद्राची परवानगी घ्यावी लागे. ही अट पुढे चालू ठेवण्यास हाइड यांची अनुकूलता नव्हती. अलाबामातील माँटगोमेरी येथे समितीची सुनावणी झाली आणि मतदार नोंदणीची कचेरी सकाळी ९ ते दुपारी ४ एवढाच वेळ उघडी असते, मजुरांना तेथे पोहोचताच येत नाही, हे त्यांनी प्रत्यक्ष ऐकले. हे संतापजनक आहे, असे ते तेथेच बोलले आणि आपले मत बदलल्याचे त्यांनी जाहीर केले. अटीतून राज्यांची सुटका कशी व्हावी यावर पुढे त्यांनी बरीच घासाघीस केली, हेही खरे. तरीही साक्षी ऐकून मत बदलणारा लोकप्रतिनिधी आम्हांला विरळा वाटतो. आपल्याकडे निवडणूक आली की दफनभूमीची भिंत कोणी बांधून दिली एवढीच चौकशी धर्मग्रामात होते. त्याच व्यक्तीने सभागृहात कोणत्या विधेयकाला काय मत दिले, हे कोणी विचारीत नाही.

गुन्हा सिद्ध न होताच नागरिकाची मालमत्ता जप्त करण्याच्या पोलिसी अधिकाराला आळा घालणारा २००० चा कायदाही हाइड यांच्याच चिकाटीचे फळ. त्याबद्दल त्यांचे विरोधकही त्यांना मानीत.

१९९८ साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्यावरील महाभियोगाचे नेतृत्व न्यायविषयक समितीचे अध्यक्ष या नात्याने हाइड यांच्याकडे आले. त्याच सुमारास १९६० च्या दशकातील त्यांचे स्वतःचे विवाहबाह्य संबंध उघडकीस आले. त्यांनी ते मान्य केले, पण त्यास तारुण्यातील अविचार म्हटले. तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती! महाभियोग शपथेवर खोटे बोलल्याबद्दल आहे, व्यभिचाराबद्दल नव्हे, हा त्यांचा युक्तिवाद कायद्याच्या दृष्टीने योग्य असेलही. लोकांना तो रुचला नाही. १२ फेब्रुवारी १९९९ रोजी सिनेटने क्लिंटन यांना दोषमुक्त केले.

आमच्या दृष्टीने त्यांची सर्वांत मोठी उणीव मात्र इराकच्या प्रश्नात दिसली. ऑक्टोबर २००२ मध्ये, आंतरराष्ट्रीय संबंध समितीचे अध्यक्ष असताना, राष्ट्राध्यक्षांना युद्धाचा अधिकार देणारा ठराव त्यांनी पुढे रेटला. समितीत रॉन पॉल या त्यांच्याच पक्षाच्या सदस्याने आग्रह धरला की, युद्ध करायचे तर राज्यघटनेप्रमाणे संसदेने रीतसर युद्धघोषणा करावी. युद्धघोषणेची ही तरतूद आता काळाने मागे टाकली आहे, असे उत्तर हाइड यांनी दिले. ठराव १० ऑक्टोबरला २९६ विरुद्ध १३३ मतांनी संमत झाला. पोप दुसरे जॉन पॉल यांनी युद्ध टाळण्यासाठी मार्च २००३ मध्ये कार्डिनल पिओ लागी यांना खास दूत म्हणून वॉशिंग्टनला पाठविले, तरी काही दिवसांतच बाँबवर्षाव सुरू झाला. न जन्मलेल्या अर्भकासाठी आयुष्य वेचणाऱ्या या गृहस्थांनी बगदादमधील गर्भवतींचा विचार त्या ठरावाच्या वेळी केला होता का, हा प्रश्न त्यांच्या चाहत्यांनीही विचारावयास हवा होता.

गंमत अशी की, युद्धाचा निर्णय राष्ट्राध्यक्षांच्या हाती सोपविणारे हेच हाइड भारताच्या अणुकराराच्या वेळी संसदेचा अधिकार सोडावयास तयार नव्हते. सरकारला भारतासाठी आगाऊ सूट हवी होती. हाइड आणि समितीतील ज्येष्ठ डेमोक्रॅट टॉम लँटोस यांनी मांडलेल्या विधेयकात अंतिम करार पुन्हा संसदेच्या मंजुरीस आला पाहिजे अशी अट आली. १८ डिसेंबर २००६ रोजी झालेल्या कायद्यात भारताने अणुचाचणी केल्यास सहकार्य थांबेल, तसेच भारताच्या वर्तनाचा अहवाल संसदेला दरवर्षी सादर व्हावा, अशा तरतुदी होत्या. आपल्याकडील डाव्या पक्षांचा रोष त्यांवरच होता. सप्टेंबर २००८ मध्ये अणुपुरवठादार देशांनी भारताला सूट दिली आणि फ्रान्सच्या अणुभट्ट्यांचाही मार्ग मोकळा झाला. रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूरचा ९९०० मेगावॅटचा प्रकल्प त्यातूनच पुढे आला. एप्रिल २०११ मध्ये तेथे साखरी नाटे गावात आंदोलकांवर गोळीबार होऊन एकाचा बळी गेला. जैतापूरहून अद्याप वीज आलेली नाही.

लँटोस हे ज्यूंच्या नरसंहारातून बचावलेले गृहस्थ. गर्भपाताच्या प्रश्नावर त्यांचे आणि हाइड यांचे मुळीच पटत नसे. तरीही २००३ मध्ये दोघांनी मिळून एड्स, क्षय आणि हिवताप यांविरुद्ध पाच वर्षांत १५ अब्ज डॉलर खर्चण्याचे विधेयक संमत करून घेतले. स्वतःच्या श्रद्धेविरुद्धचे उपाय राबविण्याची सक्ती धार्मिक संस्थांवर होणार नाही, अशी त्यात तरतूद होती. त्यामुळे कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेससारख्या संस्था आफ्रिकेतील रुग्णांपर्यंत औषधे नेऊ शकल्या. या योजनेने कोट्यवधी जीव वाचविले, हे आज सर्वमान्य आहे. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परकीय मदत रोखली तेव्हा अनेक देशांतील दवाखान्यांत हाहाकार उडाला तो याचमुळे.

५ नोव्हेंबर २००७ रोजी हाइड यांना राष्ट्राध्यक्षांचे स्वातंत्र्यपदक जाहीर समारंभात देण्यात आले. ते रुग्णालयात असल्याने मुलाने ते स्वीकारले, आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेला त्यांचे निधन झाले. लँटोस पुढच्या फेब्रुवारीत गेले. दिल्लीतील त्या विश्वासदर्शक ठरावानंतर आठच दिवसांनी, ३० जुलै २००८ रोजी, एड्सविरोधी कायद्याचे नूतनीकरण झाले आणि त्यास लँटोस व हाइड अशी दोघांची नावे देण्यात आली.