ओसाड जागा आणि आपली एक दिवसाची झाडू-मोहीम

अमेरिकेतील आपल्या संघटनांना एक सोपे समाजकार्य सापडले आहे. एप्रिलमधील एखाद्या रविवारी शहरातील गरीब वस्तीत जायचे, ओसाड जागेवरचा कचरा उचलायचा, निळ्या टोप्या घालून छायाचित्र काढायचे आणि उपनगरातील घरी परतायचे. पुढच्या रविवारी त्या जागेची अवस्था पाहावयास कोणी जात नाही. परतीच्या वाटेवर मोटारीत जे बोलले जाते ते तर अधिकच क्लेशदायक : "या लोकांना स्वच्छतेची सवयच नाही." हेच वाक्य आपल्या आजोबांविषयी कोण बोलत होते, याचे विस्मरण इतक्या लवकर व्हावे?

फिलाडेल्फियाच्या कृष्णवर्णीय वस्त्यांतील जमिनी रहिवाशांच्या सवयींमुळे ओस पडल्या नाहीत. १९३० च्या दशकात केंद्र शासनाच्या यंत्रणेने अशा वस्त्या नकाशावर तांबड्या रंगवून कर्जास धोकादायक ठरविल्या. गृहकर्जाची दारे तेथे दीर्घकाळ बंद राहिली. पुढे कारखाने गेले, घरे कोसळली आणि रिकाम्या जागी बाहेरच्यांचाही कचरा येऊन पडू लागला. गावकुसाबाहेरची वस्ती गलिच्छ कोणी ठेवली हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याहून अधिक सांगावे लागू नये.

आम्ही वैद्यकीय व्यवसायातले. औषधाची व्हावी तशी या उपायाची झालेली चाचणी पुढे ठेवतो. त्याच शहरातील ५४१ ओसाड जागा, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने, तीन गटांत वाटल्या गेल्या. काही सपाट करून तेथे हिरवळ व मोजकी झाडे लावली, भोवती बुटके लाकडी कुंपण घातले. काहींवरचा केवळ कचरा व गवत काढले. उरलेल्या तशाच ठेवल्या. निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. तशाच ठेवलेल्या जागांच्या तुलनेत, हिरवळीजवळ राहणाऱ्यांत स्वतःला खिन्न म्हणविण्याचे प्रमाण ४१.५ टक्क्यांनी घटले. दारिद्र्यरेषेखालील वस्त्यांत गोळीबार सुमारे २९ टक्क्यांनी कमी झाला. खर्च म्हणाल तर एका जागेमागे सुमारे १,६०० डॉलर व पुढे वर्षाला १८०. आपल्या वार्षिक स्नेहभोजनाचा खर्च किती, ते कोषाध्यक्षांनी सांगावे!

केवळ साफसफाई झालेल्या जागांभोवती मात्र मनःस्वास्थ्यात लक्षणीय फरक दिसला नाही. आणि ती साफसफाईही नियमित होती. मग आपल्या एका रविवाराची काय कथा? त्या बुटक्या कुंपणाला आत जाण्यासाठी वाट ठेवलेली होती, हेही ध्यानात घ्यावे. तारेचे उंच कुंपण व 'प्रवेश बंद'ची पाटी माणसाला हाकलते; हे कुंपण जागेची निगा राखणारे कोणीतरी आहे एवढेच सांगते.

म्हणून आमचे स्पष्ट म्हणणे असे की, हा छायाचित्रांचा सोहळा बंद करावा व त्या निधीतून एकाच जागेची निदान पाच वर्षे जबाबदारी घ्यावी. मालक कोण, हे आधी पालिकेच्या दप्तरात पाहावे. तेथे भाजीचे वाफे हवेत की मुलांना मैदान, हे शेजारच्या वृद्धांना विचारावे. आपण ठरवू नये. जागा सुधारली की भाडी वाढून गरीबच हुसकले जातात, हा आक्षेप खोटा नाही. त्यासाठीच जमीन वस्तीच्या स्वतःच्या विश्वस्त संस्थेच्या नावे व्हावी, असा आग्रह धरावा. पाटीवर आपल्या संघटनेचे नाव नसले तरी चालेल. मात्र पाणी घालण्याची पाळी कोणाची, हे कार्यकारिणीने आताच लिहून ठेवावे. कारण जुलैत आपली निम्मी कुटुंबे भारतात असतात, आणि नवी रोपे नेमकी त्याच महिन्यात जळतात.