सोडायला माणूस नाही

कर्मचाऱ्यांचा विकास हा विषय अलीकडे प्रशासनाला फार आवडू लागला आहे. सभागृहात बॅनर लागतो, वरिष्ठ साहेबांचे भाषण होते, चहा-बिस्किटे होतात, फोटो निघतो. आमचा त्याला विरोध नाही. परंतु त्या सभागृहातून बाहेर पडून आम्ही एखाद्या गँगमध्ये, शेडमध्ये किंवा सब पोस्ट ऑफिसात जातो तेव्हा तेथे एकच वाक्य ऐकू येते : ‘सोडायला माणूस नाही.’ रिफ्रेशर कोर्सची तारीख आली, सोडायला माणूस नाही. खात्यांतर्गत परीक्षेला आठ दिवस उरले, रजा मागितली, सोडायला माणूस नाही. ट्रेनिंग सेंटरमध्ये बाक रिकामे आणि इकडे डेपोत सुपरवायझरच्या टेबलावर ट्रेनिंगच्या पत्रांचा गठ्ठा, असे चित्र आम्ही अनेक ठिकाणी पाहिले आहे.

माणूस का नाही, हे कामगारांनी नीट समजून घेतले पाहिजे. मंजूर पदसंख्येत रजेवर जाणाऱ्यांसाठी लीव्ह रिझर्व्ह आणि साप्ताहिक सुट्टीसाठी रेस्ट गिव्हर धरलेला असतो. रनिंग स्टाफमध्ये प्रशिक्षणासाठी ट्रेनी रिझर्व्हही असतो. म्हणजे शिकण्यासाठी लागणारी सवड कागदावर आधीच मोजलेली आहे. पण जागा रिकाम्या राहिल्या की हेच राखीव हात रोजच्या कामाला जुंपले जातात. वर्ष-दोन वर्षे असे चालले की राखीव नावाचे कोणी उरतच नाही, आणि मग शिकायला जाणारा माणूस कामचुकार दिसू लागतो! रिक्त पदांचा प्रश्न हा असा थेट प्रशिक्षणाचा प्रश्न आहे.

तरीही सगळा दोष रिक्त पदांवर टाकून सुपरवायझर मंडळींना मोकळे सोडता येणार नाही. त्यांची अडचण आम्हाला कळते. ब्लॉक मिळाला की काम उरकायचे, गाडी लेट झाली की उत्तर त्यांनीच द्यायचे. पोस्टमास्तरांना खाती उघडण्याचे उद्दिष्ट, विम्याचे उद्दिष्ट. ‘तुमच्या हाताखालून यंदा किती माणसे पुढे गेली?’ असे त्यांना कोणी विचारत नाही. वास्तविक वरच्या अधिकाऱ्यांच्या वार्षिक अहवालात, हाताखालच्या माणसांना प्रेरणा देऊन घडविण्याची क्षमता किती, यासाठी वेगळा रकाना आहे. त्यात गुणही भरले जातात. ते कशाच्या आधारावर भरतात, हे एकदा डी.आर.एम. साहेबांनी आणि पोस्टाच्या सुपरिंटेंडेंट साहेबांनी तपासावे. ज्याच्या युनिटमधील दहा माणसांचा रिफ्रेशर थकला आहे, त्याला त्या रकान्यात चांगले गुण कसे मिळतात?

आजचा कामगार कोण आहे, हेही पाहा. रेल्वेच्या 2018 च्या लेव्हल-1 भरतीत सुमारे 63 हजार जागा होत्या. पात्रता दहावी किंवा आय.टी.आय.ची होती, पण बेकारी अशी की पदवीधर आणि इंजिनिअर मुलांनीही अर्ज केले. आज गँगमध्ये हातोडा घेऊन उभा असलेला ट्रॅकमेंटेनर बी.एस्सी. असू शकतो. आम्ही मॅट्रिक. आमच्या वेळी मुकादमाने हाताला धरून शिकविले आणि आम्ही शिकलो. या मुलाला मुकादम गेज धरायला शिकवील, पण त्याचे डोळे ज्युनिअर इंजिनिअरच्या परीक्षेकडे लागलेले आहेत. ती वाट खात्यातच आहे. मात्र नोटिफिकेशन त्याच्यापर्यंत पोहोचले पाहिजे. एका ठिकाणी अर्जाची मुदत उलटून गेल्यावर नोटीस बोर्डावर कागद लागला. गँग बारा किलोमीटरवर काम करीत होती, बोर्ड ऑफिसच्या आतल्या पॅसेजमध्ये. विचारले तर उत्तर मिळाले की कागद लावला आहे, सही आहे.

यासाठी पैसा लागत नाही. नोटिफिकेशन आले त्याच दिवशी हजेरीच्या वेळी वाचून दाखवा. अर्ज घेतला की पोच द्या. परीक्षा दोन महिन्यांवर आली की रोस्टर असा लावा की परीक्षार्थीला लागोपाठ नाईट येणार नाहीत. नाईट करून सकाळी पुस्तक उघडणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढे अक्षरे नाचतात, हे अनुभवाशिवाय कळत नाही. आणि कामातले काम शिकवा. ट्रॅकमेंटेनरला मापे घ्यायला लावा, नोंदवही लिहू द्या. एम.टी.एस.ला दुपारच्या कमी गर्दीत काउंटरच्या मागे बसवा, व्यवहार कसा होतो ते पाहू द्या.

मार्च 2025 मध्ये पेपरफुटीच्या प्रकरणानंतर रेल्वे बोर्डाने ग्रुप ‘सी’च्या, 4 मार्चपर्यंत पूर्ण न झालेल्या खात्यांतर्गत निवडी रद्द केल्या आणि पुढील परीक्षा आर.आर.बी.मार्फत संगणकावर घेण्याचे ठरविले. लबाडी थांबणार असेल तर स्वागतच आहे. पण ज्याने इमानाने अभ्यास केला त्याचीही मेहनत त्यात वाहून गेली. वीस वर्षे पाना-हातोडा चालविलेल्या माणसाला संगणकापुढे दीड तास बसण्याची सवय कोण लावणार? प्रत्येक मोठ्या केंद्रात संगणक खोली आहे. ती संध्याकाळी दोन तास उघडी ठेवायला बोर्डाची मंजुरी लागत नाही.

पोस्टात 2025 च्या ऑगस्टमध्ये नवी संगणक प्रणाली देशभर लागू झाली. समोर रांग, आत नवा स्क्रीन, आणि शिकायचे ते ग्राहकाच्या शिव्या खात. ग्रामीण डाकसेवकांची तर आणखी ओढाताण. मिशन कर्मयोगी 2020 पासून आले, मोबाइलवर कोर्स आले. मोबाइलवर शिकण्यास आमची ना नाही, पण ते ड्युटीच्या वेळेत धरा. घरी जाऊन स्वयंपाकघरात मोबाइल टेकवून केलेल्या कोर्सचे प्रमाणपत्र मिळते, काम येत नाही.

आता गोपनीय अहवालाविषयी. तो गोपनीय राहिलेला नाही, हे अजून पुष्कळांना ठाऊक नाही. देवदत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये निकाल दिला आणि 2009 च्या आदेशानंतर संपूर्ण ए.पी.ए.आर. कर्मचाऱ्याला दाखविणे बंधनकारक झाले. पंधरा दिवसांत त्याविरुद्ध लेखी म्हणणे मांडता येते. 10, 20 आणि 30 वर्षांनंतर मिळणाऱ्या एम.ए.सी.पी.साठी 25 जुलै 2016 पासून ‘गुड’ पुरेसे नाही, ‘व्हेरी गुड’ लागते. साहेबाने वर्षाअखेरीस घाईत मारलेल्या एका शेऱ्याने पगार अडतो. वर्षभरात एकदाही कामाबद्दल बोलायचे नाही आणि मार्चमध्ये ‘गुड’ लिहून मोकळे व्हायचे, ही रीत बंद झाली पाहिजे. काम कमी पडते असे वाटत असेल तर सप्टेंबरमध्ये बोलावून सांगा. सुधारायला सहा महिने तरी मिळतील.

नीट चढू दिले तर माणूस कोठे जातो, याचे उदाहरण आपल्यातच आहे. सातारच्या सुरेखा यादव 1986 मध्ये कल्याणला प्रशिक्षणार्थी सहायक ड्रायव्हर म्हणून आल्या, 1989 मध्ये नियमित झाल्या. मालगाडी, मग 2010 मध्ये घाटातील काम, 2011 मध्ये मेल-एक्स्प्रेस, आणि मार्च 2023 मध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत. मधल्या काळात कल्याणच्या केंद्रात त्यांनी इतरांना शिकविलेही. सप्टेंबर 2025 मध्ये त्या निवृत्त झाल्या तेव्हा सत्कार झाले. त्यांची हिंमत मोठी होतीच, पण प्रत्येक पायरीला कोणीतरी वेळेवर ट्रेनिंगला सोडले, लाइन शिकविली, पात्रतेच्या कागदावर सही केली. आज ज्या मुली असिस्टंट लोको पायलट म्हणून येत आहेत, त्यांना बढतीच्या कोर्सला जाताना तान्हे मूल कोठे ठेवायचे हा प्रश्न आहे. होस्टेलमध्ये एक खोली आणि एक आया, एवढ्याने तो सुटतो.

एक गोष्ट आपल्याकडचीही आहे. बढती मिळते आणि माणूस नाकारतो, कारण पोस्टिंग दोनशे किलोमीटरवर आणि मुलगी बारावीला. नाकारली की एक वर्ष बढती बंद. ‘यांनाच पुढे जायचे नाही’ असे म्हणणे साहेबांना मग सोपे जाते. जवळची जागा रिकामी असताना लांबची देऊ नये, एवढा विचार पर्सनल ब्रँचने केला तरी निम्मे नकार कमी होतील, अशी आमची खात्री आहे.

शाखा सचिवांनी येत्या महिनाअखेरपर्यंत आपल्या युनिटची यादी तयार करावी : नाव, हुद्दा, कोणता कोर्स, तो केव्हा यायचा होता, सोडण्याचे पत्र कोणत्या तारखेला आले आणि न सोडण्याचे काय कारण दिले. कारण तोंडी दिले असेल तर तसे लिहावे. रेल्वेच्या याद्या पी.एन.एम.मध्ये आणि पोस्टाच्या याद्या डिव्हिजनच्या बैठकीत, नावानिशी ठेवल्या जातील.