ताप नाही, तरी हिवताप : दोन बिनतापाचे रुग्ण दहांवर भारी

हिवरखेड : पावसाळा लागला की आरोग्य कर्मचारी घरोघरी विचारतात, "कुणाला ताप आहे का?" असला तर बोटातून रक्ताचा नमुना घेतात. नसला तर पुढचं घर. "अंगात ताप नाई, मंग रक्त कायले देऊ?" हा सवालही गावोगावी ठरलेलाच. पण हिवतापाचं गणित पाहिलं, तर खरी मेख इथंच आहे.

हे गणित जुनं आहे. १८९७ मध्ये सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू शोधणारे डॉ. रोनाल्ड रॉस यांनीच पुढे ते मांडलं. शेवटचा डास मारायची गरज नाही, डास एका मर्यादेखाली आणले तरी साथ विझते, हा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे एका रुग्णामागे एकापेक्षा कमी नवा रुग्ण व्हायला हवा.

आता यात बिनतापाचे रुग्ण धरा. वारंवार हिवताप झालेल्यांच्या अंगात थोडी प्रतिकारशक्ती येते. जंतू रक्तात असतात, पण ताप येत नाही. समजा, तापाचे दहा रुग्ण पाच-पाच दिवस संसर्ग देऊन औषधाने बरे झाले. झाले ५० दिवस. बिनतापाचे दोघंच आहेत, पण साठ-साठ दिवस औषधाविना फिरताहेत. जंतू कमी, म्हणून त्यांची ताकद निम्मी धरली, तरी हिशेब ६० दिवसांचा होतो. दोघं दहांवर भारी पडले.

उरलेल्या जंतूंकडे दुर्लक्ष किती महागात पडतं, हे देशानं पाहिलं आहे. १९६१ मध्ये रुग्ण ५० हजारांच्या आसपास आले होते. डास डीडीटीला दाद देईनात, पाळतही ढिली पडली. १९७६ मध्ये आकडा ६४ लाखांवर गेला.

हिवरखेड सातपुड्याच्या पायथ्याशी, वर मेळघाट. सोयाबीन सोंगणी, कापूस वेचणीला मजूर खाली उतरतात, काम संपलं की परततात. यात दोष मजुरांचा नाही. बिनतापाचा रुग्ण गावातलाही असू शकतो.

मग करायचं काय? एक रुग्ण सापडला की त्या घरातल्या अन् शेजारच्या सगळ्यांचं रक्त तपासायचं, ताप असो-नसो. जंतू फारच कमी असले तर तपासणीतूनही सुटतात, म्हणून शेतातल्या झोपडीतही मच्छरदाणी हवीच. व्हायवॅक्स प्रकारात जंतू यकृतात दडून बसतात. त्यासाठी डॉक्टरांनी दिलेला प्रायमाक्विनचा १४ दिवसांचा कोर्स ताप उतरला म्हणून अर्धवट सोडायचा नाही. गर्भवतींना मात्र हे औषध देत नाहीत.

२०२७ पर्यंत स्थानिक रुग्ण शून्य अन् २०३० पर्यंत उच्चाटन, हे सरकारचं उद्दिष्ट आहे. नुसते तापाचेच रुग्ण मोजले, तर हा शून्य कागदावर येईल, गावात नाही.