बाईचे आयुष्य टप्प्यावर तोलू नका

गर्भाशयमुखाच्या कर्करोगात बाई किती जगेल, हे रोग कोणत्या टप्प्यात सापडला आणि उपचार पूर्ण झाले का, यावर ठरते. पण हा टप्पा ठरवतो कोण? चिमूर तालुक्यातील मजूर भगिनी अंगावरून जाणे लाजेने लपवते. नागपूरच्या फेऱ्यांत मजुरी बुडते, शेक अर्धवट सुटतो. हे नशीब नव्हे, ही विषमता आहे. उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून सुमारे १ लाख ३१ हजार ग्रामीण स्त्रियांचा अभ्यास झाला. एकदाच केलेली एचपीव्ही तपासणी व पुढील उपचार यांनी मृत्यू जवळपास निम्मे झाले, हे २००९ मध्ये जगापुढे आले. मग ही तपासणी चिमूरच्या उपकेंद्रात तिशीपुढील प्रत्येक भगिनीला मिळालीच पाहिजे. आम्ही दया मागत नाही, हक्क मागतो.