देवळालीचा ताप

इंग्रजी भाषेंत ‘डूलॅली’ असा एक जुना, थट्टेचा शब्द आहे. ज्याचें डोकें ठिकाणावर नाहीं तो ‘डूलॅली’, असा त्याचा अर्थ. कानांना परका वाटला तरी हा शब्द जन्मानें आपल्याच महाराष्ट्रांतला आहे. नाशिकजवळील देवळाली या गांवाचें नांव गोऱ्या शिपायांच्या तोंडीं मोडतां मोडतां त्याचें हें रूप झालें. पूर्वीं ‘डूलॅली टॅप’ अशी जोडी असे, आणि त्यांतला ‘टॅप’ म्हणजे आपला ताप होय.

त्यामागील हकीकत अशी. इ. स. १८६१ मध्यें देवळालीस इंग्रजांची लष्करी छावणी वसली. नोकरीची मुदत संपलेल्या शिपायांस स्वदेशीं धाडण्यापूर्वीं येथें आणून ठेवीत. परंतु त्यांना नेणारीं जहाजें बहुतकरून हिवाळ्याच्या हंगामांतच सुटत. हंगाम सरल्यावर ज्याची मुदत भरे, त्याला पुढील हंगामापर्यंत महिनेच्या महिने तेथेंच काढावे लागत. हाताला काम नाहीं, मनाला विसावा नाहीं, घराची ओढ मात्र अनावर! कोणी दारूच्या आहारीं जाई, कोणी हिंवतापानें खंगे, कोणाचें चित्त भ्रमे. फ्रँक रिचर्ड्स नांवाच्या शिपायानें १९३६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत या छावणीचें वर्णन केलें आहे.

आतां लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, देवळालीची हवा मुळींच वाईट नाहीं. प्रकृति सुधारण्यासाठीं लोक तेथें मुद्दाम जाऊन राहत आले आहेत. दोष होता तो रिकाम्या, एकाकी प्रतीक्षेचा. परंतु जगानें कारण विसरून शब्द तेवढा उचलला, आणि दुःखाची थट्टा झाली. लंडन शहरांत बेथलेहेम या पवित्र नांवाच्या रुग्णालयांत वेडे ठरलेल्यांस ठेवीत. त्याचाच अपभ्रंश ‘बेडलम’ हा आज गोंगाटाचा वाचक झाला आहे. आपण मराठी माणसें तरी कोठें वेगळीं आहों? ‘याला येरवड्यास धाडा’, ‘हा ठाण्यास जाणार’ असें आपण सहज बोलून जातों. तेथील मनोरुग्णालयांत कोणाचे तरी आईबाप, कोणाचीं तरी मुलें बरें होण्याच्या आशेनें दिवस काढीत आहेत, हें त्या वेळीं ध्यानीं राहत नाहीं.

आम्हां नांदेड-लातूरकरांनीं तर हा विचार अधिकच केला पाहिजे. परीक्षांच्या तयारीसाठीं गांवोगांवचीं मुलें या दोन शहरांत खोल्या घेऊन राहतात. घर दूर, निकाल दूर, आणि मधले दिवस सरतां सरत नाहींत. देवळालीच्या शिपायाहून त्यांची स्थिति फार निराळी आहे काय? त्यांतलें एखादें मूल अबोल झालें, जेवेनासें झालें, वर्गांत हरवल्यासारखें बसूं लागलें, कीं सोबती त्याला ‘मेंटल’ म्हणून मोकळे होतात. हा आमचा नवा ‘डूलॅली’! एकदां हें नांव चिकटलें, कीं तें मूल मदत मागण्यासही लाजतें. खरें संकट येथेंच आहे.

विद्यार्थिमित्रहो, ताप आलेल्याला कोणी हंसत नाहीं. त्याच्या कपाळावर पाण्याची पट्टी ठेवतात व डॉक्टरांस बोलावतात. त्या जुन्या शब्दानें मनाच्या व्याधीलाही तापच म्हटलें आहे. त्यांतून एवढें तरी घेण्यासारखें आहे. आपल्या देशांत २०१७ सालच्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें मनोरुग्णास उपचाराचा व सन्मानानें जगण्याचा हक्क दिला आहे. परंतु वर्गांतला सन्मान सोबत्यांनींच द्यावयाचा असतो. आणि पालकांस विनंति ही कीं, दूर राहणाऱ्या मुलास फोनवर गुण विचारण्यापूर्वीं ‘बाळ, जेवलास का? झोप लागते ना?’ असें आधीं विचारावें.