गाडी घ्या, पण तिला ‘इन्व्हेस्टमेंट’ म्हणू नका

मागच्या महिन्यात माझ्या चुलतभावानं जेवताना जाहीर केलं, की तो २०१४ ची पोलो जीटी टीएसआय घेणार आहे. काकांना त्यातलं ‘जीटी’ही कळलं नाही आणि ‘टीएसआय’ही. त्यांना कळलं ते फक्त ‘२०१४’. ‘बारा वर्षांची जुनी गाडी? आणि पाच लाखांना?’ दादाचं उत्तर तयारच होतं. ‘बाबा, ही नुसती गाडी नाहीये, इन्व्हेस्टमेंट आहे. मॉडेल बंद झालंय. अजून दहा वर्षांनी डबल होईल.’ मग हळूच मुद्दा बाहेर आला. काकांनी त्याच्या नावानं ठेवलेली एफडी मोडायची होती.

तुमच्याही ग्रुपमध्ये असा एक दादा असेलच. कदाचित तुम्हीच असाल. पोलो नाही तर जुनी ऑक्टेव्हिया, नाही तर होंडा सिटी व्हीटेक. आवड खरीखुरी असते, त्याबद्दल काही म्हणणं नाही. माझं भांडण आहे ते त्या एका शब्दाशी. आवडीला ‘इन्व्हेस्टमेंट’ म्हटलं की घरच्यांना पटवणं सोपं जातं, आणि त्याहून वाईट म्हणजे स्वतःलाही.

आधी दादाची बाजू नीट मांडते, कारण ती अगदीच पोकळ नाही. पोलो आपल्या चाकणच्या प्लान्टमध्ये बनायची. २०१० मध्ये बाजारात आली, २०२२ मध्ये बंद झाली. निरोपाची ‘लेजंड एडिशन’ काढली ती फक्त ७०० गाड्यांची, एक्स-शोरूम किंमत १० लाख २५ हजार. २०१३ मध्ये आलेल्या जीटी टीएसआयचं इंजिन १.२ लिटरचं, पण टर्बो, १०५ पीएस ताकदीचं, आणि जोडीला सात गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स. त्या काळात दहा लाखांच्या आतबाहेर असं काही दुसरं मिळतच नव्हतं. दार लावलं की होणारा तो ‘धप्प’ आवाज आणि एक्स्प्रेस-वेवर जमिनीला चिकटून चालणं, याचं वेड एका अख्ख्या पिढीला लागलं. आज नवी ‘हॉट हॅच’ घ्यायची म्हटलं तर २०२५ मध्ये आलेली गोल्फ जीटीआय होती ५३ लाखांची. पहिल्या नोकरीतल्या मुलानं मग बघायचं कुठे? जुन्या पोलोकडेच.

दुसरा दाखला प्रत्येक जण देतो तो आरएक्स हंड्रेडचा. १९८५ ते १९९६ या काळात विकली गेलेली ही ९८ सीसीची यामाहा आज चांगल्या स्थितीत असेल तर लाखाच्या वर सहज जाते. नव्वदच्या दशकात जी मुलं कॉलेजच्या गेटवर तिचा आवाज ऐकत उभी राहायची, तीच आता पन्नाशीला आली आहेत आणि त्यांच्या खिशात पैसा आहे. पोरवयात जे परवडलं नाही ते माणूस वीस-पंचवीस वर्षांनी विकत घेतो. जगभर जुन्या गाड्यांच्या किमती वाढतात त्या बहुतेक याच हिशेबानं.

अमेरिकेचंही उदाहरण येतंच. तिथे परदेशातली गाडी २५ वर्षं जुनी झाली की सुरक्षेच्या नियमांतून सूट मिळते आणि ती आणता येते. त्यामुळे निस्सान स्कायलाइन जीटी-आरसारख्या, तिथे कधी अधिकृतपणे विकल्याच न गेलेल्या जपानी गाड्यांचे भाव पंचविशी जवळ आली की चढायला लागले. म्हणजे तिथे कायदाच म्हाताऱ्या गाडीच्या मदतीला धावून आला.

इथेच दादाचं गणित फसतं. आपल्याकडे कायदा बरोबर उलट्या दिशेला उभा आहे. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं. पुढे दर पाच वर्षांनी आरटीओत फिटनेस करून नूतनीकरण. त्याची फी २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून थेट ५,००० झाली, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या कारसाठी १०,००० केली गेली. वर पर्यावरण कर वेगळा. ‘व्हिंटेज’ म्हणून सरकार मान देतं ते ५० वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला. म्हणजे २०१४ ची पोलो व्हिंटेज होणार २०६४ मध्ये. तेव्हा दादा रिटायर झालेला असेल.

आणि नियम असेच राहतील याचीही खात्री नाही. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरच्या बंदीचं प्रकरण २०१५ पासून कोर्टात फिरतंय. आदेश येतात, सवलत मिळते, पुन्हा बदलतं. उद्या पुण्या-मुंबईत असं काही होईल असं मी म्हणत नाही. पण ज्या वस्तूची किंमत एका नोटिफिकेशननं अर्धी होऊ शकते, तिच्यावर एफडी मोडून पैसे लावायचे का, एवढाच माझा प्रश्न आहे. पेट्रोलचंही तेच. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्या त्या हिशेबानं बनतात. पोलो त्याआधीच बंद झालेली.

आता आरएक्स हंड्रेड आणि पोलो यांतला खरा फरक बघा. आरएक्स उघडली की आत काय सापडतं? सिलिंडर, पिस्टन, कार्बोरेटर. तालुक्याच्या गावातला कुठलाही जुना मिस्त्री ती डोळे झाकून खोलतो आणि जोडतो. जीटी टीएसआयमध्ये टर्बो आहे, डायरेक्ट इंजेक्शन आहे, दोन क्लचचा गिअरबॉक्स आहे आणि तो चालवणारं मेकाट्रॉनिक युनिट आहे. ते बिघडलं तर पाना-पकड कामाला येत नाही, लॅपटॉप लागतो. आणि बिल असं येतं, की गाडीच्या किमतीतला एक मोठा तुकडा तिथेच जातो. आज पार्ट मिळतात, कारण गाडी बंद होऊन फार वर्षं झालेली नाहीत. २०३५ मध्ये तोच कंट्रोल युनिट नवा मिळेल का? साधं मशीन म्हातारं झालं तरी दुरुस्त होतं. इलेक्ट्रॉनिक्सवर चालणारं मशीन म्हातारं झालं की ते अडून बसतं.

पालिओ आठवते? फियाटची. खुद्द सचिन तेंडुलकर तिची जाहिरात करायचा, त्याच्या नावाची ‘एस-टेन’ एडिशनही निघाली होती. १.६ लिटरच्या पालिओचं कौतुक गाडीवेडे लोक आजही करतात. पण ती विकून कुणी श्रीमंत झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. ‘कल्ट’ असणं आणि किंमत वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता हिशेबच करू. समजा पाच लाखांची एफडी मोडली. तीच सात टक्क्यांनी दहा वर्षं राहिली असती तर साधारण ९ लाख ८० हजार झाले असते. गाडीचा इन्शुरन्स, सर्व्हिस, टायर, बॅटरी, अधूनमधून निघणारी कामं मिळून वर्षाला समजा ५० हजार धरले, तर दहा वर्षांत आणखी पाच लाख. म्हणजे २०३६ मध्ये ती गाडी जवळपास १५ लाखांना विकली गेली तर दादा एफडीच्या बरोबरीला येणार. लेजंड एडिशन शोरूममधून नवी कोरी निघाली होती सव्वा दहा लाखांना! दहा वर्षांनी ‘डबल’ झाली, दहा लाखांना गेली, तरीही दादा तोट्यातच.

तुम्ही म्हणाल, कुठलीही गाडी घेतली तरी हा खर्च होणारच की. अगदी बरोबर. म्हणूनच तो गाडीचा खर्च आहे. इन्व्हेस्टमेंट नाही.

बरं, किंमत टिकवायची तर गाडी कमी चालवायला हवी. किलोमीटर वाढले की भाव उतरतो. पण सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून ठेवली तर बॅटरी बसते, रबर कडक होतं, आणि पावसाळ्यात उंदीर वायरिंग कुरतडतात ते वेगळंच. शिवाय जी गाडी चालवण्यासाठी घेतली, तीच चालवायची नाही? इन्व्हेस्टमेंट म्हणून गाडी घेतलेल्या माणसाकडे एकदा चावी मागून बघा. चेहराच सांगतो.

एक गोष्ट कुणी सांगतच नाही, ती इन्शुरन्सची. विम्यात गाडीची किंमत, म्हणजे आयडीव्ही, दरवर्षी ठरलेल्या टक्क्यांनी उतरते. चार ते पाच वर्षांच्या गाडीची निम्मीच धरली जाते. पाच वर्षांनंतर ती कंपनी आणि तुमच्यात बोलून ठरते. तुम्ही न बघता रिन्यू केलंत तर बाजारात पाच लाखांना घेतलेल्या गाडीची कागदावर किंमत तीन लाख असू शकते. उद्या ती चोरीला गेली किंवा घाटात आपटली, तर मिळणार ते कागदावरचे पैसे. ‘कल्ट’ला क्लेम नसतो. म्हणून जुनी गाडी घेणारच असाल, तर रिन्यूअलच्या आधी फोन करून आयडीव्हीवर भांडा. हप्ता थोडा वाढेल, पण वाढू द्या.

मग कुठल्याच जुन्या गाडीची किंमत वाढणार नाही का? काहींची वाढेल, असं मला वाटतं. २०१६ मध्ये पोलो जीटीआय आली होती. तीन दारांची, १.८ लिटर, १९२ पीएस, फक्त ९९ गाड्यांचा लॉट. किंमत २५ लाख ९९ हजार. ‘पोलोला कोण देतं पंचवीस लाख?’ म्हणून लोक हसले, पुढे किंमत वीस लाखांच्या आत आणावी लागली. आज तीच गाडी शोधत फिरणारे लोक आहेत. मुळात कमी बनलेली, तेव्हा न खपलेली, आणि पुन्हा कधीच न येणारी, अशी गाडी टिकते. लेजंड एडिशनचं काय? तिच्यात मुख्यतः स्टिकर आणि बॅज वेगळे, त्यामुळे मला फार आशा वाटत नाही. साध्या जीटी टीएसआय मात्र भरपूर विकल्या गेल्या. माझा अंदाज असा, की त्यांची दोन गटांत फाळणी होईल. एका मालकाकडची, सगळी बिलं जपलेली, काहीही न बदललेली गाडी आपला भाव धरून राहील. बाकीच्या हळूहळू पार्टसाठी जातील. शिवाय त्याच चाकणमधून आज १५० पीएसची व्हर्टस जीटी बाहेर पडते. चार-पाच वर्षांत तीच सेकंडहँड बाजारात स्वस्त झाली, की जुन्या पोलोसाठी जास्त पैसे कोण मोजणार?

आणि हो, ‘स्टेज वन’ रीमॅप केलेली गाडी ‘जास्त पॉवर, म्हणून जास्त किंमत’ असं सांगून कुणी विकत असेल तर हात जोडून घरी या. त्या जास्तीच्या ताकदीनं गिअरबॉक्सचं काय झालंय ते तुम्हाला दिसत नाही. आणि रजिस्ट्रेशनवर नोंदलेल्या मूळ गाडीत परस्पर फेरफार करायला मोटार वाहन कायद्याचीच मनाई आहे. फिटनेसच्या रांगेत उभं राहिल्यावर ते आठवून उपयोग नसतो.

दादासोबत मीही ती गाडी बघायला गेले होते. लाल रंग, स्वच्छ इंटिरिअर. दादानं स्टार्टर मारला आणि त्याचा चेहरा असा झाला, की मला ती एफडी, आयडीव्ही सगळं क्षणभर विसरायला झालं. परत येताना बसमध्ये मी त्याला एकच विचारलं, ‘दहा वर्षांनी ही गाडी भंगारात गेली, एक रुपया मिळाला नाही, तरी घ्यायचीय का तुला?’ तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘हो. पण मग एफडी नाही मोडता येणार.’

सध्या तो पगारातून पैसे बाजूला टाकतोय. ती लाल गाडी बहुतेक दुसरं कुणी नेईल, दुसरी मिळेल. काकांना त्यानं सांगितलंय, ‘बाबा, इन्व्हेस्टमेंट नाहीये, मला हवीय म्हणून घेणार.’ काका म्हणाले, ‘हे आधी सांगायचं ना.’

तुम्हीही आधी स्वतःला हाच प्रश्न विचारा. उत्तर ‘हो’ असेल तर खुशाल घ्या, घाटात न्या, मित्रांना चालवायला द्या. आणि उत्तर द्यायला वेळ लागत असेल, तर एफडी आहे तिथेच राहू द्या.