तिकीट, सही आणि समर्थक

मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील एमएमआरडीए मैदानावर १९ नोव्हेंबर २०१६ रोजी ‘ग्लोबल सिटिझन’ महोत्सव झाला. कोल्डप्ले हा ब्रिटिश रॉक बँड, जे-झी, ए. आर. रहमान आणि हिंदी चित्रपटसृष्टीतील मंडळी असा थाट होता. काही तिकिटे विकत मिळत होती, पण बहुतेक ‘कमवावी’ लागत. नाव नोंदवायचे, शिक्षण, स्त्री-पुरुष समता, शुद्ध पाणी व स्वच्छता या विषयांवरील निवेदनांवर सही करायची, ट्वीट करायचे, गुण साठवायचे. दारिद्र्याविरुद्धच्या मोहिमेला समर्थक मिळवण्याची ही रीत. आम्ही दोघे, एक नांदेडला व एक लातूरला मराठी शिकवणारे, तिकडे एरवी वळलोही नसतो. पण लातूरच्या एम. ए.च्या वर्गातील एक विद्यार्थी त्या तिकिटाच्या मागे लागला होता आणि त्याच्या आग्रहाखातर आम्हीही दोन निवेदनांवर सह्या केल्या. ती निवेदने नेमकी काय मागत होती, हे आज आम्हांला आठवत नाही.

त्याच वर्षी १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली होती. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. मांजरा धरण आटले होते आणि पाणवठ्यांवर गर्दी नको म्हणून मार्चमध्येच जमावबंदी लागू झाली होती. या मुलाने तो उन्हाळा टँकरच्या रांगेत घागरी पुढे सरकवत काढला. नोव्हेंबरात तोच मुलगा शुद्ध पाण्याच्या निवेदनावर सही करून गुण मिळवत होता. ज्यांच्यासाठी मोहीम, त्यांच्यातलाच तो एक. पण तिथे त्याची नोंद झाली ती समर्थक म्हणून. आम्ही त्याला हे बोलून दाखवले तेव्हा तो हसला. म्हणाला, “सर, पाणी काय, रेल्वेनं आलं की. गाणी कुठं येतात लातूरला?”

या उत्तरावर आम्हांला काही बोलता आले नाही. नोटाबंदीला जेमतेम अकरा दिवस झाले होते. त्याच्या प्रवासासाठी शंभराच्या नोटा आम्हीच इकडून तिकडून गोळा करून दिल्या.

अशा महोत्सवांची टवाळी करणे आपल्याकडे सोपे असते. भुकेच्या नावाने नाचगाणे, असे म्हटले की समीक्षकाचे काम संपते. आम्हांला ते मान्य नाही. गाण्याच्या ओढीने माणसे जमवावीत आणि जमलेल्यांना पदरचे सांगावे, हे सत्यशोधक जलशांपासून आपण करत आलो आहोत. दूरच्या उपाशी माणसासाठी इथे गावे, यातही गैर काही नाही. अण्णाभाऊ साठ्यांनी बंगालच्या दुष्काळावर ‘बंगालची हाक’ हा पोवाडा रचला, तेव्हा ऐकणारा मुंबईचा गिरणी कामगार कलकत्त्यापासून दूरच होता. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कमध्ये पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशासाठी मैफल केली; तिथे तिकिटाचे पैसे कोणासाठी, हे स्पष्ट होते. पुढे २००५च्या ‘लाइव्ह ८’ने पैशांऐवजी नावे मागितली, आणि इथून प्रश्न जरा निराळा होतो.

नाव देणाऱ्याचे पुढे काय होते? अण्णाभाऊ, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाचा (स्थापना १९४४) कार्यक्रम संपला की श्रोता ज्या चाळीत परते, तिथेच युनियनचा माणूस राहत असे. उद्या सभा असे, परवा संप. गाणे विसरले तरी गाठ सुटत नसे. आमच्या सहीला अशी गाठच नव्हती. आम्ही मोजले गेलो, एवढेच. मोठ्या आकड्याचाही सरकारांवर दबाव पडतो, असे या मोहिमांचे म्हणणे असते आणि ते अगदीच खोटे नाही. पण आपण काय मागितले हेच ज्याला सांगता येत नाही, त्याला समर्थक म्हणणे आम्हांला जड जाते. मग तो समर्थक आम्ही स्वतः का असेना.

महाराष्ट्रात याच्या उलटही घडले आहे. १९७२च्या दुष्काळात कामासाठी मोर्चे निघाले, त्यांत बाया मोठ्या संख्येने होत्या. वि. स. पागे यांनी आग्रहाने पुढे आणलेली रोजगार हमी योजना त्या काळात विस्तारली, १९७७मध्ये तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम, हा हक्क ठरला. त्यासाठी पैसा हवा म्हणून १९७५मध्ये व्यवसाय कर बसवण्यात आला. आम्हां प्राध्यापकांच्या पगारपत्रकात दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपयांची जी कपात दिसते, ती हीच. म्हणजे दारिद्र्याविरुद्धच्या एका मोहिमेचे आम्ही नोकरीला लागल्यापासून वर्गणीदार आहोत, आणि ते आम्हांलाही फार उशिरा कळले. कोणी गाऊन सांगितले नाही. (वेतन आयोगावरच्या आमच्या चर्चा मात्र रात्र रात्र चालल्या.) ग्रामीण साहित्यातील दुष्काळ आम्ही वर्षानुवर्षे शिकवतो, प्रश्नपत्रिकेत त्याला दहा गुण असतात. गुण मिळवण्यासाठी पाण्यावर सही करणारा मुलगा आमच्याच वर्गातून गेला, हे ध्यानात घेतले पाहिजे.

यंदा नांदेडच्या वर्गात पोवाडा शिकवताना आम्ही पगारपत्रक वर्गात नेले आणि तो रकाना दाखवला. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली की तिची आजी बहात्तरच्या दुष्काळात सुकडी खाऊन खडी फोडत होती, आणि तेव्हा बाया म्हणत ती गाणी आजीला अजून येतात. ती उतरवून आणायचे तिने कबूल केले आहे.